आईचं बोलणं कळणारं पॅकेज

लूम बंद झाले. आज दापोड्याच्या गोदामातून घरी परतताना रिक्षा कामतघरच्या वळणाला लागली आणि रिक्षावाल्याने "किधर रोकू, मॅडम?" असं नेहमीच्या वरच्या पट्टीत विचारलं. तो प्रश्न अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. स्वतःच्या आवाजाने तोही दचकला. आमच्या गावात सगळेच ओरडून बोलतात, कारण यंत्रमागांच्या धडधडीवर मात केल्याशिवाय साधं 'चहा घेता का' सुद्धा समोरच्यापर्यंत पोचत नाही. मे महिना तापला की कारिगर लग्नांना, शेतांना आपापल्या मुलुखाला जातात, शेडला कुलपं लागतात आणि मग आमचे हे मोठे आवाज उघडे पडतात. लोकांना हे दिवस शांततेचे वाटतात. बाहेरचं कुणी आलं तर म्हणतं, किती बरं वाटतंय आता. मला मात्र त्या शांततेची भीती वाटते, आणि पस्तिशी ओलांडली तरी ती गेलेली नाही.

आमच्या घरात मार बसायचा तो याच दिवसांत.

आमची खोली शेडला लागून. मधली भिंत एकच, आणि ती दिवसरात्र थरथरायची. फळीवरचे डबे हळूहळू पुढे सरकत कडेला यायचे, मग आई ते पुन्हा मागे ढकलायची. लूम म्हणजे काय, तर लाकडाने लाकडाला मारणं. एका बाजूचा दांडा धोट्याला फटका मारतो, धोटा सुतातून पलीकडे जातो, पलीकडचा दांडा त्याला परत फटका मारतो. कापड तयार होतं ते या मारामारीतून. कधी धोटा वाट सोडून बाहेर उडतो आणि माणसाला लागतो. बाबांच्या भुवईवर त्याची खूण आहे. बाबा त्या शेडचे मिस्त्री, मूळचे कोन गावचे. भातशेती गेली तसे इकडे आले आणि तरुणपणातच लूमने त्यांचे कान खाल्ले. आधी पातळ आवाज गेले, म्हणजे पाखरांचे, आमचे. मग जाड गेले. शेवटी त्यांना फक्त भिंतीची थरथर तळपायातून कळायची.

लूम चालू असताना बाबा बरे असायचे. तिथे सगळेच बहिरे, सगळे खाणाखुणांनी बोलणारे. पण मे महिन्यात ते घरात बसायचे आणि आम्ही त्यांच्यासमोर ओठ हलवत फिरायचो. त्यांना वाटायचं, आपल्यालाच हसताहेत. आपल्यापासून लपवताहेत.

"काय बोलता रं तुमी?" ते ओरडायचे. त्यांना स्वतःचा आवाजही कळत नसल्यामुळे तो अख्ख्या चाळीला फोडून निघायचा. "मना सांगा. काय बोलता?"

सांगायला लागलं तर कळायचं नाही, आणि गप्प बसलं तर संशय खरा ठरायचा. मग हात उठायचा. उजवा. लूमचे नट आवळून आवळून घट्ट झालेला. मी तो खाल्ला आहे, पण माझ्या वाटणीला थोडका आला. बाकीचा आईने घेतला. एकदा ताटासकट ढकललं तिला तेव्हा पितळेच्या पिंपाची कड तिच्या कानशिलाला लागली होती आणि वरणावर रक्त पडलं होतं. पलीकडच्या नसरीनआपा अशा वेळी पत्र्याच्या पार्टिशनवर लाटणं आपटायच्या. "भाईसाब, बस करो, आम्हाला पण ऐकू येतंय!" ज्याने ऐकायचं त्याला तेवढं ऐकू येत नव्हतं.

आईकडे एकच ढाल होती, आणि ती ओठांची होती.

ती सारखी काहीतरी पुटपुटायची. भाकरी थापताना, पाणी भरताना, बाबांना वाढताना. चेहरा शांत, नजर खाली, ओठ चालू. आम्ही लहानपणापासून धरून चाललो की आई एकवीरा आईचं नाव घेते. लूम चालू असताना तर कानाजवळ तोंड नेल्याशिवाय काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि लूम बंद असले की ती आवाज इतका बारीक करायची की नुसता श्वास वाटावा. बाबांचाही तोच समज. वर्षातून एकदा ते कार्ल्याचा डोंगर चढून देवीपुढे डोकं टेकवून यायचे. देवीचं नाव तोंडात असलेल्या बाईवर हात टाकायचा नाही, एवढं पाप त्यांना कळत होतं. हात उठलेला असायचा आणि आईचे ओठ हलायला लागायचे. मग तो हात हवेतच वळायचा, भिंतीवर, दारावर, कधी माझ्यावर. आईचे ओठ वेळेवर हलले नाहीत तर तिच्यावर. असं आमचं घर चाललं होतं.

काही वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात मी ठरवलं की हे यंत्राने सोडवायचं. मी दापोड्याला एका गोदामात कॉम्प्युटर सांभाळते. खोक्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापणारी यंत्रं, वजनकाटे, सगळं लिनक्सवर चालतं, कारण मालकाला फुकटचं आवडतं. एक टाकून दिलेला लॅपटॉप मी घरी आणला. बेत सोपा होता. आईच्या पदराला छोटा माइक लावायचा, आई बोलेल ते पडद्यावर मोठ्या अक्षरात उमटेल, बाबा वाचतील. सातवीपर्यंत शिकलेत, ओळीखाली बोट फिरवत सावकाश का होईना वाचतात. कानाचं मशीन आणून झालं होतं. त्यात लूमचा आवाज खिळ्यासारखा डोक्यात ठोकला जातो म्हणून त्यांनी ते गटारात भिरकावलं होतं. मला खात्री होती की हा माणूस ऐकू येत नाही म्हणून मारतो. शब्द पोचले की हात थांबेल.

"म्हंजे ती काय बोलते ते मना दिसंल?" मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. अजीजी म्हणायला हरकत नाही. "लाव. लवकर लाव."

आता पॅकेज, म्हणजे लिनक्सवर बसवायचा प्रोग्राम, शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला विचारा. सगळं फुकट, सगळं एका हाकेवर, फक्त हाक कुठल्या नावाने मारायची ते कुणी सांगत नाही. नावं ठेवणाऱ्यांनी आपल्या मांजरांची, ग्रहांची, फळांची नावं ठेवलेली. खाली वर्णन एक ओळीचं, जेवता जेवता लिहिल्यासारखं. मी 'बोलणं' या अर्थाचा शब्द टाकून शोधलं आणि पहिलंच जे सापडलं ते उतरवून घेतलं, तर ते ऐकणारं नव्हतं, बोलणारं होतं. आंधळ्यांसाठीचं. लॅपटॉप घोगऱ्या आवाजात स्वतःच्या खिडक्यांची नावं बहिऱ्या माणसासमोर मोठमोठ्याने वाचू लागला. आई पदर तोंडाला लावून हसली. बाबांनी तिचं हसणं पाहिलं.

त्या दिवशी तिच्या मनगटाला सूज आली. मी हळद गरम करून लावत होते आणि ती पुटपुटत होती.

मग 'ओळखणं' या शब्दाने शोधलं. चेहरे ओळखणारी पॅकेजं आली, हस्ताक्षर ओळखणारी आली, गाड्यांच्या नंबरपाट्या ओळखणारी आली. त्या गर्दीत एक आवाज ओळखणारं होतं, पण त्याला इंग्रजीच यायचं. आई 'भाकरी' म्हणाली की ते 'बेकरी' लिहायचं. पुढचं एक चांगलं वाटलं, तर त्याला एक जुनी लायब्ररी, म्हणजे ज्याच्या आधारावर ते चालतं तो तयार कोड, हवी होती आणि माझ्याकडे नवी होती. ती जुनी आणायची तर यंत्राने मला काय काय काढून टाकावं लागेल ते दाखवलं. पडदा रंगवणारं, खिडक्या उघडणारं, माउस हलवणारं, सगळं त्यात होतं. तळाशी प्रश्न, पुढे जायचं का. एक वस्तू घरात घ्यायची आणि घरच बाहेर काढायचं. 'नाही'चं बटण मी इतक्या जोरात दाबलं की नखाची कड मोडली.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. काहीही बसवण्याआधी रंगीत तालीम करते. पॅकेज मॅनेजरला, म्हणजे ही ने-आण करणाऱ्या प्रोग्रामला, तशी सोय असते. खरं काही न करता तो सांगतो की हे आणलं तर सोबत काय येईल, आणि मुख्य म्हणजे काय जाईल. घाईतली माणसं ती पायरी गाळतात आणि मग रडतात. गोदामातल्या नव्या लोकांना मी ओरडून हेच सांगते. माझ्या ओरडण्याला ते घाबरतात. रक्तात आहे, काय करणार.

मराठी ऐकणारं पॅकेज अखेर मिळालं. लहानसं होतं, हलकं. ते बहुधा बातम्या ऐकून शिकलं होतं, कारण आईने काहीही पुटपुटलं की ते गंभीरपणे लिहायचं, 'राज्यात येत्या काही दिवसांत पावसाची शक्यता आहे.' आईने उसासा टाकला तर 'मंत्रिमंडळाची बैठक.' बाबा दोन दिवस ते वाचत बसले. देवीच्या नावात पाऊस कुठून आला ते त्यांना कळेना. "मना येडा बनवता?" म्हणून त्यांनी स्टूल उचललं. ते माझ्या कानाजवळून गेलं आणि मोरीच्या कठड्यावर फुटलं. नसरीनआपांचं लाटणं वाजलं. आईचे ओठ सुरू झाले. पडद्यावर कोकणातल्या पावसाची बातमी आली.

एवढ्या उन्हात, बंद लूमच्या त्या गावात, पावसाचा अंदाज वाचत आम्ही तिघं एकमेकांचा जीव घ्यायला उठलो होतो. आज हसू येतं. तेव्हा मी मोरीत बसून स्टुलाचे तुकडे गोळा करत होते आणि माझ्या मनात स्पष्ट आलं होतं की हा माणूस मरावा.

खरं पॅकेज सापडायला आणखी आठवडा गेला. ते मोठं होतं, आणि भाषेचा साठा वेगळ्या पॅकेजात होता, जो आपणहून येत नाही, नावानिशी मागवावा लागतो. बहुतेक जण तिथेच फसतात. मुख्य पॅकेज बसवतात, ते मुकं बसून राहतं, आणि हे चालत नाही म्हणून पुसून टाकतात. मी साठा मागवला. तालीम केली. या वेळी काहीच जाणार नव्हतं. यंत्राने स्वच्छ सांगितलं, काढून टाकायचं काही नाही.

बाबा नाक्यावर गेले होते. मी पडदा माझ्याकडे वळवला, आईच्या पदराला माइक लावला आणि म्हटलं, तू तुझं काम कर, मी बघते. ती भाकऱ्या थापायला बसली. ओठ सुरू झाले. आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

'मेल्या, तुझा हात झडो.'

मला वाटलं, पुन्हा चूक. मी आवाजाची पातळी वाढवली.

'मुडद्या, माझ्या हातचं खातोस आणि मला मारतोस. तुझी राख मी खाडीत टाकणार नाही. गटारात टाकीन, तू टाकलेल्या त्या मशीनच्या शेजारी. ज्या दिवशी तू पडशील त्या दिवशी मी गोडाचं करीन. पोरीला मारलंस, तुझी बोटं लूममध्ये जावोत.'

भाकरी गोल होत होती. चेहरा तोच, देवळातला. यंत्राने तिची आगरी बोली सरळ करून टाकली होती, 'मना'चं 'मला', 'न्हाय'चं 'नाही', त्यामुळे त्या शिव्या शाळेच्या धड्यासारख्या नीटनेटक्या दिसत होत्या. चारचौघांत 'आवं' म्हणणारी बाई तिथे 'तू' म्हणत होती. ओळीमागून ओळ येत राहिली. देवीचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

इतकी वर्षं आमच्या घरात देवीच्या नावाने जो हात थांबत होता तो या शिव्यांपुढे थांबत होता. आणि मी दोन आठवडे घाम गाळून असं यंत्र शोधलं होतं जे त्या शिव्या मोठ्या अक्षरात त्याच हाताच्या मालकासमोर लिहिणार होतं. काढून टाकायचं काही नाही, असं यंत्र म्हणालं होतं. त्याला काय माहीत.

आईला वाचता येत नाही. माझा चेहरा बघून तिने थापणं थांबवलं.

"काय लिवलं त्यानं?"

मी वाचून दाखवलं. हळू, पहिल्यापासून. तिने हात पिठात तसाच ठेवला. रागावली नाही, लाजलीही नाही. फक्त एका शब्दापाशी नाही म्हणून मान हलवली.

"बोटां लूममंदी न्हाय बोललो," ती म्हणाली. "दातऱ्यांमंदी बोललो. बाकी बरोबर हाय." दातऱ्या म्हणजे लूमची दातेरी चाकं.

"आई, मी हे काढते," मी म्हटलं. "आधीचं होतं ना, पावसाच्या बातम्यांचं, ते परत बसवते. त्याला तुझं काही कळत नाही. बाबांना सांगू, यंत्रच तसलं आहे. नाहीतर सगळंच काढते."

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली आणि तिने ती उलटली नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"तो मारून टाकेल तुला."

"मारंल. आता काय वेगला करतो?" तिने पिठाचा हात पदराला पुसला. "देवीच्या नावानं मारातून वाचतंय मी इतकी वरसां. माज्या नावानं कवा वाचायची?"

यानंतर आमच्या घरात सगळं सुधारलं असं लिहायला मला आवडलं असतं. ललित लिहिणाऱ्या माणसाला शेवट गोड करायचा मोह होतोच. बाबांनी पुढे एकदा त्या लॅपटॉपचं झाकण बिजागरीतून उपटलं, मी तो पडदा तारेने बांधला. एकदा त्यांनी आईला ढकललं आणि तिने तापलेला तवा त्यांच्या पावलावर टाकला, डाग अजून आहे. आज मी रिक्षातून उतरून गल्लीत शिरले तेव्हाही बाबांचा आवाज लांबून ऐकू आला. ते आता प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आईने काय म्हटलं ते पडद्यावर वाचून घरच्या जुन्या भांडणाला वरच्या पट्टीत उत्तर देतात आणि अख्खी चाळ निकाल ऐकते. नसरीनआपांचं लाटणं हल्ली चपात्यांसाठीच वापरलं जातं असं त्या म्हणतात, पण ते पार्टिशनजवळच ठेवलेलं असतं.

मी सांगत होते त्या दुपारबद्दल.

बाबा नाक्यावरून आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. लॅपटॉप मी पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता, पडदा त्यांच्याकडे. लागलं का, असं त्यांनी खुणेने विचारलं आणि मी मान हलवली. ते लहान मुलासारखे पुढ्यात मांडी घालून बसले. आई त्यांच्या समोर बसली, हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळ ती आपणहून कधी बसलेली मी पाहिली नव्हती. मी दारात उभी राहिले, उंबऱ्याला पाय टेकून, म्हणजे मध्ये पडता येईल. हातात मी पोळपाट घेतला होता. वापरला असता.

आईचे ओठ हलायला लागले. या वेळी तिने आवाज बारीक केला नाही.

पहिली ओळ उमटली. बाबांनी उजव्या हाताचं बोट पडद्याला लावलं आणि शब्दाखाली सरकवत नेलं. 'मेल्या' पाशी ते थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग पुन्हा शब्दाकडे, मग माझ्याकडे. यंत्र चुकलं का, असं त्यांचे डोळे विचारत होते. मी मान नाही म्हणून हलवली. त्यांच्या मानेची शीर फुगली. मला ती शीर पाठ आहे, तिच्यानंतर काय येतं तेही पाठ आहे. बोट पडद्यावरून सुटलं आणि हात वर गेला.

आईने डोळे मिटले नाहीत. ती बोलतच होती, आणि पडद्यावर नवी ओळ आली. हात वर तसाच ठेवून बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलताना दिसत होते. या ओठांपुढे त्यांचा हात कितीतरी मे महिने वळला होता. ते ओठ काय म्हणतात ते आता समोर पडद्यावर लिहिलेलं होतं, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांना वाचता येत नाही. बोट नसलं तर अक्षरं एकमेकांत शिरतात. डावा हात बारीक कामाला चालत नाही, त्याच्या दोन बोटांची टोकं लूमने कधीच नेली आहेत.

हात खाली आला. बोट ओळीखाली गेलं.

'आजवर न ऐकता मारलंस. आज ऐकून मार.'

त्यांनी ते मोठ्याने वाचलं, एकेक शब्द, लूमच्या वरच्या पट्टीत. पार्टिशनपलीकडे नसरीनआपांचं भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आई थांबली नाही. वरणात सांडलेलं रक्त आलं, मोडलेलं स्टूल आलं, माझं नाव आलं, कोनचं घर सोडून इकडे येताना तिच्या बापाने काय सांगितलं होतं ते आलं. एक ओळ संपायच्या आत दुसरी येत होती आणि बाबांचं बोट तिच्यामागे धावत होतं. त्यांची मान खाली होती. घाम पडद्यावर पडत होता, तो ते मनगटाने पुसत होते आणि पुन्हा बोट टेकवत होते. माझ्या हातातला पोळपाट केव्हा खाली आला ते मला आठवत नाही.

आई संध्याकाळ होईपर्यंत बोलली. तिचं बोलणं संपेपर्यंत तो हात मोकळा झाला नाही.